घाटाचा राजा आणि पोलचा मानकरी

चैत्र-वैशाखात शिरगाव-सोमाटण्यापासून पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळापर्यंत गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात, आणि यात्रा म्हटली की या मुलखात बैलगाडा आलाच. पुणे जिल्ह्याच्या या भागातली शर्यत सातारा-सांगलीकडच्या शर्यतीहून मुळातच वेगळी आहे. तिकडे मोकळ्या मैदानात पाच-सात गाड्या एकाच वेळी शेजारी-शेजारी सुटतात. आधी गट, मग उपांत्य, मग अंतिम फेरी होते, आणि जी गाडी पुढे राहील ती जिंकते. इकडे घाटात एका वेळी एकच गाडा धावतो. चार बैल, बहुधा त्यांच्यापुढे घोडी, चढती वाट आणि वर निशाण. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, कुणाला मागे टाकायचे नसते. गाड्याची एक धाव म्हणजे बारी. ती सुरू झाली की घड्याळ सुरू होते आणि निशाण पडले की थांबते. सेकंद आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढाच निवाडा. दिवसभरात ज्याची बारी सर्वांत कमी वेळेची, तो घाटाचा राजा. मोटार शर्यतीत ज्याला क्वालिफाइंग म्हणतात ते याहून फारसे वेगळे नाही. तिथेही निवाडा प्रत्येकाच्या एका जलद फेरीचा आणि घड्याळाचाच असतो. फरक पुढे पडतो. मावळात त्या वेळेलाच किताब मिळतो. फॉर्म्युला वनमध्ये शनिवारी सर्वांत जलद वेळ नोंदवणाऱ्याला रविवारच्या शर्यतीत सर्वांत पुढे उभे राहण्याची जागा मिळते, म्हणजे पोल पोझिशन. जगज्जेतेपदाच्या गुणतक्त्यात मात्र त्या फेरीचा शून्य गुण. माझे म्हणणे असे की मावळातली पद्धत अधिक न्याय्य आहे, आणि मोटार शर्यतीतल्या पोलविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका फरकात आहे.

मुळात रांग लावावीच का लागते? रस्त्याची रुंदी मर्यादित असते आणि गाड्या वीस-बावीस. सगळ्या एका ओळीत मावत नाहीत, म्हणून कुणीतरी पुढे आणि कुणीतरी मागे उभे राहणार हे ठरलेलेच आहे. सुरुवात सर्वांना सारखी मिळू शकत नसेल, तर ती असमानता कोणत्या तत्त्वावर वाटायची हा खरा प्रश्न. पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत, १९११ साली, ज्याचा प्रवेशअर्ज आधी आला तो पुढे उभा राहिला. युरोपातल्या ग्रां प्री शर्यतींत कित्येक वर्षे चिठ्ठ्या टाकून रांग ठरायची. १९३३ च्या मोनॅको ग्रां प्रीत प्रथमच सरावात नोंदवलेल्या वेळेवरून जागा दिल्या गेल्या. त्या दिवशी सर्वांत पुढे उभा राहिला तो बुगाट्टीचा आकिले व्हार्झी. ही सुधारणा वाटते तेवढी छोटी नव्हती. अर्ज लवकर पाठवणे हा चालकाचा गुण नाही, आणि चिठ्ठी म्हणजे निव्वळ दैव. घड्याळ मात्र ज्या गोष्टीची स्पर्धा आहे तीच गोष्ट मोजते. वेगाच्या स्पर्धेत पुढची जागा वेगाने मिळवावी, याहून सरळ तत्त्व दुसरे सापडणार नाही. क्वालिफाइंग हा करमणुकीसाठी वाढवलेला एक दिवस आहे, ते काढून चिठ्ठ्या टाकाव्यात, असे मधून मधून सुचवले जाते. तसे करणे म्हणजे एक मिळवलेला हक्क पुन्हा दैवाच्या हाती देणे होय.

आता पोलची खरी किंमत किती ते पाहू. कागदावर ती अगदी किरकोळ आहे. फॉर्म्युला वनच्या ग्रीडवर एका जागेपासून पुढच्या जागेपर्यंत आठ मीटर अंतर असते. शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची, मोनॅकोत २६० किलोमीटरची. तीनशे किलोमीटरमध्ये आठ मीटरची आघाडी म्हणजे काहीच नाही. तरीही पोलवाला जिंकण्याची शक्यता मोठी असते, कारण ते आठ मीटर त्याला पहिल्या वळणावर आधी पोहोचवतात. पहिल्या वळणातून जो आधी बाहेर पडतो त्याच्यासमोर स्वच्छ हवा असते. आजच्या गाड्या हवेच्या दाबावर रस्त्याला चिकटून वळतात. पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीची पकड सुटते, तिचे टायर तापतात आणि वळणात जवळ जाणे अवघड होते. कधी कधी जागेची बाजूसुद्धा महत्त्वाची ठरते. १९९० मध्ये सुझुकाला आयर्टन सेनाला पोल मिळाली, पण ती जागा रस्त्याच्या धुळीच्या बाजूला होती. ती बदलून देण्याची त्याची मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या जागेवरच्या अलाँ प्रोस्तची सुरुवात चांगली झाली आणि पहिल्याच वळणावर दोघे आदळून बाहेर पडले. जगज्जेतेपद तिथेच ठरले. त्या धडकेचे समर्थन कुणी करू नये. पण ज्याने जागा कमावली त्याला कमावलेल्या जागेचाच तोटा व्हावा, ही व्यवस्था सदोष होती हेही खरे.

पोलवाले जास्त जिंकतात या आकड्यावरून लगेच निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. भारतातल्या तिन्ही ग्रां प्री ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर झाल्या. २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी पोल सेबास्टियन व्हेटेलची होती आणि तिन्ही वर्षी जिंकला तोच. २०१३ ला तर त्याचे सलग चौथे जगज्जेतेपद तिथेच पक्के झाले. यावरून पोलने त्याला जिंकवले असे म्हणता येईल का? त्या सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे आणि तिथे मागून येऊन पुढे जाता येते. त्या वर्षांत रेड बुलची गाडी वेगवान होती आणि व्हेटेल तिचा उत्तम चालक होता. ज्या कारणाने शनिवारी पोल मिळाली त्याच कारणाने रविवारी विजय मिळाला. एकाच कारणाचे दोन परिणाम शेजारी दिसले की आपण एकाला दुसऱ्याचे कारण समजतो. खरा कस लावायचा तर अशी उदाहरणे हवीत जिथे सर्वांत वेगवान चालकाकडून पुढची जागा काढून घेतली गेली. योगायोगाने तशी उदाहरणे उपलब्ध आहेत. २००६ मध्ये मोनॅकोच्या क्वालिफाइंगमध्ये मायकेल शूमाखर पहिला आला. अखेरच्या क्षणी त्याने रास्कास वळणावर गाडी उभी केली आणि मागून येणाऱ्यांच्या फेऱ्या बिघडल्या. पंचांनी त्याच्या सगळ्या वेळा रद्द करून त्याला शेवटी पाठवले. गाडी तीच, चालक तोच, आणि तो पाचवा आला. २०१२ मध्ये बार्सिलोनात लुईस हॅमिल्टन सर्वांत जलद होता. टाकीत नियमाइतके इंधन उरले नाही म्हणून तोही शेवटी गेला आणि आठवा आला. २०२१ मध्ये ब्राझीलच्या इंटरलागोसला पुन्हा हॅमिल्टनच क्वालिफाइंगमध्ये पहिला होता. मागच्या पंखाच्या मापात दोष निघाल्याने तो बाद ठरला. रविवारची रांग ठरवणाऱ्या शनिवारच्या छोट्या शर्यतीत तो विसाव्या जागेवरून पाचवा आला, इंजिन बदलल्याच्या दंडामुळे रविवारी दहाव्या जागेवरून सुटला, आणि जिंकला.

या तीन प्रसंगांतून जे दिसते ते कोणत्याही सरासरीपेक्षा बोलके आहे. पोलची किंमत पोलमध्ये नसते, ती रस्त्यात असते. जिथे मागच्याला पुढे जाता येते तिथे पोल हा चांगला प्रारंभ असतो. जिथे जाता येत नाही तिथे तो निकालच होऊन बसतो. मोनॅकोची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. २०१८ मध्ये डॅनिएल रिकार्डो पोलवरून सुटला. शर्यतीच्या मध्यापूर्वीच त्याच्या गाडीतली विजेवर चालणारी शक्तियंत्रणा बंद पडली आणि सुमारे १६० अश्वशक्ती गेली. तरीही मागे असलेला व्हेटेल त्याला गाठू शकला नाही. २०२४ मध्ये शार्ल लेक्लेर पोलवरून जिंकला आणि पहिले दहा जण ज्या क्रमाने उभे होते त्याच क्रमाने शर्यत संपवून आले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. हे पाहून लोक म्हणतात की शनिवारीच सगळे ठरते, मग रविवार कशाला. पण त्याच मोनॅकोत १९३३ साली, वेळेवरून रांग लावलेल्या त्या पहिल्याच ग्रां प्रीत, व्हार्झी आणि ताझिओ नुव्होलारी यांनी जवळजवळ शंभर फेऱ्या एकमेकांना मागे टाकत काढल्या. शेवटच्या फेरीत नुव्होलारीच्या गाडीने दगा दिला आणि व्हार्झी जिंकला. रस्ता जवळपास तोच होता, पोलही वेळेनेच ठरलेली होती, तरी मिरवणूक झाली नाही. तेव्हाच्या गाड्या अरुंद होत्या आणि त्यांची पकड हवेवर अवलंबून नव्हती. २०१७ ते २०२५ या काळातल्या फॉर्म्युला वन गाड्या दोन मीटर रुंद आणि पाच मीटरहून लांब होत्या. मोनॅकोच्या गल्ल्या मात्र त्याच राहिल्या. दोष गाडी आणि रस्त्याच्या जोडीचा आहे. त्याचे खापर क्वालिफाइंगवर फोडले जाते, आणि मग औषधही चुकीचे दिले जाते.

चुकीच्या औषधांचा इतिहास बराच मोठा आहे. २००३ पासून २००९ पर्यंत क्वालिफाइंगच्या निर्णायक फेरीत शर्यतीच्या सुरुवातीला लागणारे इंधन टाकीत ठेवूनच धावावे लागे. त्यामुळे पोल मिळवणारा खरोखर सर्वांत वेगवान होता, की त्याच्या टाकीत इंधन कमी होते म्हणून गाडी हलकी होती, हे शनिवारी कुणालाच कळत नसे. घड्याळ अचूक होते, पण ते मोजत होते दोन वेगवेगळ्या गोष्टींची भेसळ. २००३ ते २००५ मध्ये प्रत्येकाला एकट्याने एकच फेरी मिळे, अगदी मावळातल्या बारीसारखी. कल्पना सुंदर होती, पण तिच्यात घाटातलीच एक जुनी अडचण होती. बारीचा नंबर लवकर लागला की उशिरा, यावर वाटेची अवस्था ठरते. सकाळची दाबलेली माती आणि दुपारची उखडलेली, धुळीने भरलेली वाट सारखी नसते. मोटारीच्या रस्त्यावर उलटे होते. जितक्या गाड्या धावतात तितके टायरांचे रबर रस्त्याला बसते आणि पकड वाढते, म्हणून आधी जाणाऱ्याचे नुकसान होते. पाऊस मध्येच आला तर सगळेच हिशेब बदलतात. २००६ पासून आलेल्या तीन टप्प्यांच्या पद्धतीने ही अडचण बरीच कमी केली, कारण प्रत्येक टप्प्यात सर्वांना एकाच वेळेत अनेकदा प्रयत्न करता येतो. २०१६ ला पुन्हा बदल झाला. दर दीड मिनिटाला सर्वांत हळू गाडी बाद करायची असा नियम आला. अखेरच्या मिनिटांत, जेव्हा पोलसाठी झुंज व्हायला हवी, तेव्हा रस्ता रिकामा दिसू लागला. टायर जपण्यासाठी गाड्या आधीच परत गेलेल्या असत. दोन शर्यतींनंतर ती पद्धत गुंडाळावी लागली. या सगळ्या प्रयोगांत एक समान चूक आहे. रविवारची शर्यत रंगावी म्हणून शनिवारच्या मोजमापाशी खेळ केला गेला.

मोजमाप शुद्ध ठेवणे किती अवघड आहे हे या खेळाने स्वतः अनुभवलेले आहे. १९५४ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत वेळ पूर्ण सेकंदांतच मोजली गेली. शर्यतीतल्या सर्वांत जलद फेरीची वेळ सात चालकांची एकसारखी निघाली आणि त्यासाठी असलेला एक गुण सात जणांत वाटावा लागला. १९९७ मध्ये हेरेझला घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजत होते, तरी जाक व्हिलनव्ह, शूमाखर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद आली. ज्याने ती आधी नोंदवली त्या व्हिलनव्हला पोल मिळाली. एवढ्या बारकाव्याने मोजलेली कामगिरी शेवटी गुणतक्त्यात उमटतच नाही, हे मला विचित्र वाटते. पोल मिळवणाऱ्याला टायरची एक छोटी प्रतिकृती देतात, छायाचित्र काढतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या वळणावर धक्का लागला की हाती काही उरत नाही. १९८८ च्या मोनॅकोत सेनाने प्रोस्तपेक्षा १.४२७ सेकंदांनी जलद फेरी काढली. दोघांकडे एकाच संघाची, एकाच बनावटीची गाडी होती. त्या फेरीबद्दल आजही बोलले जाते. रविवारी आघाडीवर असताना सेना कठड्याला धडकला, प्रोस्त जिंकला, आणि त्या शनिवारचा हिशेब शून्य झाला. सेनाच्या नावावर ६५ पोल आणि ४१ विजय आहेत. लेक्लेरच्या नावावर २०२४ अखेर २६ पोल आणि ८ विजय होते. जेन्सन बटनच्या नावावर याच्या उलट, ८ पोल आणि १५ विजय. एका फेरीत सर्वस्व ओतणे आणि दीड-दोन तास गाडी सांभाळून पुढे नेणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते. आजची गुणपद्धती त्यांतले एकच मोजते.

इथे मावळाकडे परत यावे लागते. या परिसरात घाटाचा राजा हा किताब एका नव्हे, दोन खेळांत दिला जातो. एक बैलगाड्याचा. दुसरा मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला, जिथे खोपोलीकडून बोरघाट चढून खंडाळ्याला सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला तो मान मिळतो, मग पुण्यात तो पहिला येवो की दहावा. सायकलवाल्यांनी ओळखले की घाट चढणे हे स्वतंत्र काम आहे, त्याचा मान स्वतंत्र असला पाहिजे. शर्यतीच्या अंतिम निकालाशी त्याची गल्लत त्यांनी केली नाही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने सरळ रेषेतल्या मोटार शर्यती झाल्या आहेत. तिथेही पाव मैलाची वेळ हीच कमाई असते. वेळेला तिचा स्वतंत्र मान देण्याची सवय या मुलखाला आहे. जगातल्या इतर मोटार शर्यतींनाही ती अपरिचित नाही. अमेरिकेतल्या इंडीकारमध्ये पोलला गुण मिळतो, फॉर्म्युला ई आणि फॉर्म्युला टूमध्येही मिळतो. सर्वांत वरच्या पायरीवर, फॉर्म्युला वनमध्येच, तो मिळत नाही. म्हणून तिथे पोलचा सगळा मोबदला रस्त्यावरच्या जागेच्या रूपाने द्यावा लागतो. त्यातून एक अडकित्ता तयार होतो. पोलला पुरेसा मोबदला हवा असेल तर पुढच्या गाडीला गाठणे अवघड राहिले पाहिजे, आणि गाठणे सोपे करायचे तर पोलची किंमत उतरते. शनिवार आणि रविवार एकमेकांचे वैरी होतात. पोलला गुण दिला की ही गाठ सुटते. शनिवारची कमाई शनिवारीच जमा होते, आणि मग रस्ते रुंद करा, गाड्या लहान करा, मागच्याला संधी द्या, पोलवाल्यावर अन्याय झाला असे कुणी म्हणू शकणार नाही.

रांग उलटी करण्याचा उपायही मांडला जातो: सर्वांत जलद गाडी मागे ठेवा म्हणजे रविवारी गंमत येईल. फॉर्म्युला टूच्या छोट्या शर्यतीत हे प्रत्यक्षात होते, तिथे पहिल्या काही जणांची रांग उलटवतात. मुंबईचा जेहान दारूवाला याच्या कारकिर्दीत दोन्ही प्रकार दिसतात. फॉर्म्युला टूमधला त्याचा पहिला विजय डिसेंबर २०२० मध्ये साखीरला उलट्या रांगेच्या शर्यतीत आला, आणि २०२२ मध्ये मोंझाला त्याने क्वालिफाइंगच्या क्रमाने लागणारी मुख्य शर्यत जिंकली. पहिला विजय कमी प्रतीचा होता असे मी म्हणणार नाही, पुढे उभे राहूनही जिंकावेच लागते. पण शिकाऊ चालकांना मागून पुढे येण्याचा सराव मिळावा म्हणून केलेली सोय आणि जगज्जेतेपद ठरवण्याचे तत्त्व यांत अंतर आहे. चांगली कामगिरी केली म्हणून मागे ढकलायचे, हे तत्त्व शाळेतल्या खेळातसुद्धा मुलांना पटत नाही. शिवाय उलटी रांग लागणार हे आधीच ठाऊक असले की मधल्या जागांवरचे लोक थोडे हळू धावण्याचा हिशेब करू लागतात. जिथे हळू जाणे फायद्याचे ठरते ती वेगाची स्पर्धा राहत नाही.

पोलला गुण देण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की शर्यत हीच खरी कसोटी आहे, बाकी सगळी तयारी. हा आक्षेप हलका नाही. १९६७ चा विजेता डेनी हल्म आणि १९८४ चा निकी लाउडा हे त्या त्या वर्षी एकही पोल न मिळवता जगज्जेते झाले. १९८४ ला लाउडा ७२ गुणांवर होता आणि प्रोस्त ७१.५ वर. अर्ध्या गुणाने ठरलेले ते विजेतेपद. प्रोस्तने त्या वर्षी तीन वेळा पोल मिळवली होती, म्हणजे पोलला एक गुण असता तर जगज्जेता प्रोस्त असता. २००७ मध्ये किमी रायकोनेन ११० गुणांनी जिंकला, हॅमिल्टन आणि फर्नांडो अलोन्सो यांचे प्रत्येकी १०९ गुण. पोलचे गुण मिळवले असते तर रायकोनेनचे ११३ झाले असते, हॅमिल्टनचे ११५. ही दोन जगज्जेतेपदे बदलली असती, आणि हे मान्य करूनच पुढे जायला हवे. पण जुन्या वर्षांना नवा नियम लावून पाहण्यात एक छुपी चूक आहे. नियम वेगळा असता तर चालकांनी शनिवारी वेगळ्या प्रकारे गाडी चालवली असती. लाउडाने पोलच्या मागे न लागता शर्यतीची गाडी जुळवण्यावर भर दिला, कारण त्या नियमांत तेच शहाणपणाचे होते. दुसरीकडे, या गुणाने निकाल सर्रास उलटेपालटे होतील ही भीतीही अवास्तव आहे. २०१६ मध्ये निको रोझबर्ग ३८५ विरुद्ध ३८० असा जिंकला. हॅमिल्टनच्या त्या वर्षी १२ पोल होत्या, रोझबर्गच्या ८. पोलचे गुण धरले तरी रोझबर्ग ३९३, हॅमिल्टन ३९२. एका गुणाने का होईना, रोझबर्गच जिंकतो. विजयाला २५ गुण असताना पोलचा एक गुण शर्यतीला झाकोळत नाही. दोघे अगदी बरोबरीला आले तरच तो तराजू हलवतो, आणि अशा वेळी वर्षभरात जो जास्त वेळा सर्वांत वेगवान ठरला त्याच्याकडे तराजू झुकणे अन्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. क्वालिफाइंगमध्ये चालक मोजला जातो की गाडी? श्रीमंत संघाची गाडी वेगवान, तर पोलही त्याचीच, मग गुण देऊन श्रीमंताला आणखी का द्यायचे? गाडीचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. २०११ आणि २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ग्रां प्रीत नारायण कार्तिकेयनची एचआरटी गाडी पहिल्याच्या वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत येऊ शकली नाही आणि त्याला शर्यतीतच उभे राहता आले नाही. चालक कितीही चांगला असला तरी ती गाडी पुढे जाणार नव्हती. पण हा आक्षेप शर्यतीलाही तितकाच लागू पडतो, कारण रविवारी विजयाचे २५ गुणही बहुधा उत्तम गाडीलाच मिळतात. उलट, छोट्या संघाला एखाद्या दिवशी चमकण्याची संधी एका फेरीतच जास्त असते. २००९ मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर फोर्स इंडियाच्या जियानकार्लो फिसिकेलाने पोल मिळवली. भारतीय परवान्यावर धावणाऱ्या त्या संघाची ती एकमेव पोल. रविवारी तो दुसरा आला, रायकोनेनच्या फेरारीच्या एका सेकंदाच्या आत. फेरारीकडे साठवलेली वीज वापरून क्षणभर जास्त शक्ती देणारी केर्स यंत्रणा होती, फोर्स इंडियाकडे नव्हती, आणि तिच्याच जोरावर रायकोनेन पुढे गेला. त्या शनिवारी फोर्स इंडिया जगातल्या सर्व संघांपेक्षा वेगवान होती. गुणतक्त्यात त्याची कुठेच खूण नाही.

बैलगाड्याची तुलना मोटारीशी करणेच मुळात चूक, असेही कुणी म्हणेल. बैल जिवंत प्राणी आहे, त्याला पळवण्याच्या प्रश्नात नीतीचा भाग येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. प्राण्याला वेदना होता कामा नये ही अट बिनतडजोड पाळली गेली पाहिजे, त्याविषयी माझ्या मनात दुमत नाही. इथे तुलना फक्त निवाड्याच्या पद्धतीची आहे, आणि त्या बाबतीत घाट काय करतो आणि काय करत नाही हे दोन्ही सांगायला हवे. घाट वेगाचा निखळ निवाडा देतो. पण शेजारी प्रतिस्पर्धी असताना काय होते, दबावाखाली कोण चुकतो, दोघांना एकच वळण हवे असताना कोण माघार घेतो, हे घाट सांगू शकत नाही. त्यासाठी सातारा-सांगलीचे मैदान लागते. मोटार शर्यतीचे मोठेपण हे की तिच्याकडे दोन्ही आहेत, शनिवारी घाट आणि रविवारी मैदान. त्यांतल्या एकाचा निकाल दुसऱ्याच्या रांगेत विरघळवून टाकण्याची तिला काहीही गरज नाही.

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून २००९ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या, आणि पुढच्याच वर्षी तिथे बनणाऱ्या पोलोची स्वतंत्र शर्यतमालिका भारतात सुरू झाली. कोल्हापुरात कार्टिंगमधून मुले घडत आहेत. मोटार शर्यत आता महाराष्ट्राला परकी नाही, म्हणून तिच्या नियमांवर इथून बोलण्याचा हक्कही आपला आहे. प्रेक्षकांनी आणि आयोजकांनी निदान आपल्या गावच्या, आपल्या राज्यातल्या मालिकांपासून सुरुवात करावी: क्वालिफाइंगच्या पहिल्याला बक्षिसाच्या यादीत स्वतंत्र नाव आणि गुणतक्त्यात एक गुण. फॉर्म्युला वनलाही त्यासाठी नवे काही शोधायचे नाही. २०१९ ते २०२४ या काळात शर्यतीतल्या सर्वांत जलद फेरीला तिथे एक गुण मिळत होता. पुष्कळदा तो मोकळ्या वेळात नवे टायर चढवून शेवटी एक फेरी मारणाऱ्याच्या पदरात पडे. २०२५ पासून तो गुण रद्द झाला. तो परत आणावा, आणि शनिवारी पहिला आलेल्याला द्यावा.